चुलीतला चुंबक

आमच्या दारव्ह्याकडं चुंबक म्हणजे फुटक्या स्पीकरमधली काळी चकती. मधल्या भोकात सुतळी ओवायची अन् रस्त्याच्या फुफाट्यातून फरफटत न्यायची. घरी येईतो तिला खारीच्या शेपटीगत काळी लव फुटलेली असे.

ही चकती एकदा मी चुलीत टाकली. कावून, ते विचारू नका. नवव्या वर्षी कारण लागत नाही. पऱ्हाट्यांचा जाळ रात्रभर धुमसला. सकाळी राखेतून काढली तर दिसायला तशीच, पण सुई काही उचलेना. ‘‘मेलं वाट्टे ते,’’ माय म्हणाली. मी शेजारच्या पोट्ट्याचा चुंबक आणून जवळ धरला, तर ही टपकन त्याला चिकटली! म्हणजे ओढली जात होती, ओढत नव्हती.

चुंबकाच्या आत बारीक बारीक कप्पे असतात, अन् एकेक कप्पा स्वतःच चुंबक. पोळ्याला तोरणाखाली बैल कसे एका रांगेत उभे असतात, तशी त्यांची तोंडं एका दिशेला. म्हणून ओढ. तापलं की रांग डळमळते. लोखंडाची 770 अंश सेल्सिअसला पार मोडते, स्पीकरच्या चकतीची, म्हणजे फेराइट नावाच्या लोहमिश्रित पदार्थाची, साधारण 450 लाच. शास्त्रज्ञ पिएर क्युरीच्या नावानं याला क्युरी तापमान म्हणतात. निवल्यावर कप्पे परत बनतात, पण तोरण तुटल्यावरच्या बैलांसारखे, ज्याचं तोंड तिकडं.

विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे भाऊ पेचकस चुंबकावर एकाच बाजूनं घासत. मग स्क्रू त्याला चिकटून राही, विहिरीत पडत नसे. पेचकस पोलादाचा, महिनोन् महिने धरून ठेवायचा. साधा खिळा मात्र चुंबकापासून सुटला की जवळपास कोराच.

खरा धरून ठेवणारा विहिरीच्या काठावरचा काळा दगड. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा होता. निवताना त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाच्या कणांनी तेव्हाची पृथ्वीच्या चुंबकाची दिशा पकडली, ती अजून सोडली नाही. तेव्हा आपला हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता; त्या कणांच्या लेखी आपलं वऱ्हाड आजही तिथंच आहे! फुफाट्यातली ती काळी लवही बरीचशी याच दगडाची.

चकती मायनं डुगडुगत्या बाजेच्या पायाखाली सरकवली. बाज लाकडाची, तिला काय फरक पडते.