जहाजाच्या इंजिनाला किल्ली असते का?

मी जहाजावर इंजिनिअर होतो हे कळलं की लोक आधी पगार विचारतात, मग समुद्र लागायचा का ते विचारतात, आणि त्यानंतर हमखास हा प्रश्न येतो: "एवढं तीन मजली इंजिन, ते सुरू कसं करता? किल्ली असते का?" लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर देता येत नाही. आपण रंगात आलेलो असतो आणि वाढपी जिलबी घेऊन येतो. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. तुम्ही विचारलंत म्हणून.

किल्ली नसते. ते इंजिन हवेनं सुरू होतं. कॉम्प्रेसर लावून ३० बार दाबानं भरून ठेवलेली हवा. तुमच्या गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. ही हवा साठवायच्या टाक्यांना आम्ही बाटल्या म्हणतो, पण त्यांतल्या एकेका बाटलीत माणूस उतरून तपासणी करतो.

मी बोलतोय ती साठ-सत्तरच्या दशकांतली संथ टू-स्ट्रोक इंजिनं. आता त्यांना व्हिंटेज म्हणतात. मी पाचवा इंजिनिअर म्हणून चढलो तेव्हा ती फक्त जुनी होती. आमच्याकडे बहुतेक सुल्झर, काही बी अँड डब्ल्यू, आणि एखाद्या म्हाताऱ्या ब्रिटिश बनावटीच्या जहाजावर डॉक्सफर्ड. सुल्झरचं आरएनडी ९० घ्या. सिलिंडरचा व्यास ९०० मिलिमीटर, पिस्टनची वर-खाली धाव १,५५० मिलिमीटर, एका सिलिंडरची ताकद २,९०० अश्वशक्ती. असे सहा, आठ, दहा सिलिंडर ओळीनं उभे. आणि हे सगळं धूड पूर्ण वेगात मिनिटाला फेरे घेणार फक्त १२२. मध्ये गिअर नाही, क्लच नाही. सगळे पिस्टन मिळून फिरवतात तो क्रँकशाफ्ट, त्याच्या मागे शाफ्ट आणि शाफ्टच्या टोकाला पाण्यातला पंखा. इंजिन फिरलं की पंखा फिरलाच.

डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा पिस्टननं दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं तेल आपसूक पेटतं. अडचण एवढीच की पहिल्यांदा पिस्टनला वर कोण ढकलणार? ते काम बाटलीतल्या हवेचं. ज्या सिलिंडरचा पिस्टन नुकताच वरचं टोक ओलांडून खाली निघालाय त्याच्या डोक्यावर हवा सोडायची, मग पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या. हा क्रम डिस्ट्रिब्युटर नावाची एक गोल पेटी सांभाळते. दोन-चार सेकंदांत इंजिन वेग धरतं, तेवढ्यात तेल द्यायचं आणि हवा बंद करायची. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकतात त्या वरच्या खोलीतून, टेलिग्राफची, म्हणजे हुकूम कळवणाऱ्या यंत्राची, घंटा वाजल्यापासून इंजिन आपल्या बळावर चालेपर्यंत फार तर पंधरा सेकंद. लोकांना हेच हवं असतं, आणि हे इतकं झटपट संपतं याचं त्यांना वाईट वाटतं.

मागे जायचं असेल तर? गिअर नाही म्हटल्यावर इंजिनच उलटं फिरवावं लागतं. आधी थांबवायचं, कॅमशाफ्टचं टायमिंग, म्हणजे तेल-हवा कधी सोडायची ती वेळ, उलट दिशेला बदलायचं आणि पुन्हा हवा मारून सुरू करायचं. म्हणजे बंदरात 'पुढे', 'थांब', 'मागे', 'थांब' असा खेळ चालला की दर वेळी बाटलीतली हवा खर्च. म्हणून नियमच आहे की अशा इंजिनासाठी बाटल्या पुन्हा न भरता लागोपाठ बारा वेळा सुरू करता येईल इतकी हवा साठवलेली हवी. मुंबईच्या इंदिरा डॉकच्या लॉकमधून, म्हणजे दरवाजांच्या अरुंद वाटेनं, आत शिरताना पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा माणूस, जरा हात सैल सोडणारा निघाला की आमचा एक डोळा टेलिग्राफवर आणि एक बाटलीच्या काट्यावर. वर ब्रिजवर त्यांना फक्त घंटा वाजवायची असते. हवा आम्ही कुठून आणतो हा प्रश्न कुठल्याही पायलटनं मला कधी विचारलेला नाही. असो.

पण सुरू करणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. खरं काम त्याच्या आधीच्या अर्ध्या दिवसात होतं.

आधी इंजिन ऊबदार करायचं. सिलिंडरभोवतीचं पाणी ६० अंशांच्या आसपास आणायला कित्येक तास लागतात. थंड लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात धावतो त्या सिलिंडरच्या आतल्या नळीत, जड तेल जाळलं तर तेलातल्या गंधकाचं आम्ल होऊन ते लायनरच्या भिंतीवर बसतं आणि लोखंड खातं. मग वंगणाचा पंप चालू करायचा. मग टर्निंग गिअर लावायचा. ही एक विजेची मोटर असते, ती अख्खं इंजिन अगदी सावकाश फिरवते. मात्र त्याआधी ब्रिजला विचारायचं, कारण पंखाही फिरणार आणि त्याच्याजवळ एखादी होडी असू शकते. इंजिन फिरत असताना मोटरच्या अँपिअरच्या काट्याकडे बघत राहायचं. काटा उगाच वर गेला तर आत काहीतरी अडतंय. त्याच वेळी एकजण सिलिंडरच्या तेलाचे ल्युब्रिकेटर हातानं फिरवत असतो, म्हणजे पहिल्या धावेला पिस्टनच्या रिंगा कोरड्या राहणार नाहीत.

मग टर्निंग गिअर काढायचा. तो अडकलेला असेल तर हवेचा मार्गच बंद राहतो, तशी सोय असते. सगळ्या सिलिंडरांच्या डोक्यावरचे इंडिकेटर कॉक, म्हणजे छोट्या तोट्या, उघडे ठेवून हवेचा एक हलका झटका द्यायचा. प्रत्येक कॉकमधून फुस्स करून हवा यायला हवी. पाणी आलं तर तिथंच थांबायचं. हेडला नाहीतर लायनरला तडा गेलाय आणि रात्रभर पाणी पिस्टनवर साचलंय असा त्याचा अर्थ. पाणी दाबलं जात नाही. तसंच सुरू केलं तर मांडीएवढा जाड कनेक्टिंग रॉडसुद्धा वाकतो. कॉकमधून काय येतंय हे बघायला सेकंड साब स्वतः वर उभे राहायचे, दुसऱ्या कुणावर सोडायचे नाहीत.

'सेकंड साब' म्हणजे सेकंड इंजिनिअर. आपल्या खलाशांनी आमची नावं अशीच पाडलेली: चीफ इंजिनिअर बडा साब, थर्ड तीन साब, आणि मी चढलो तो पाँच साब. इंजिनरूमच्या खलाशांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, आणि वॉचवर, म्हणजे पाळीवर, आमच्या सोबत तेलवाला. यांतले बरेचसे रत्नागिरीकडचे. त्यांच्या बापजाद्यांनी आगबोटींच्या बॉयलरांत कोळसा ओढलेला. त्यांना इंजिनाचं पुस्तकी ज्ञान नव्हतं, आणि त्यांचं कधी फारसं अडलंही नाही.

मी तीन साब असतानाची गोष्ट. रात्री बारा ते चारचा वॉच, भर समुद्रात पूर्ण वेग. आमचे तेलवाले चाचा फेरी मारून आले आणि म्हणाले, "तीन साब, चार नंबरचा हवेचा पाइप तापलाय. हात लावून बघा." हवेच्या पाइपाला समुद्रात कुणी बघत नाही, हवा बंदरात लागते. पण चाचा दर फेरीला त्या प्रत्येक पाइपावरून हात फिरवत जायचे. मी हात लावला आणि झटक्यात काढला. बाकीचे सगळे पाइप गार होते.

याचा अर्थ, चार नंबरची हवेची झडप नीट बसत नव्हती आणि सिलिंडरमधला जाळ उलटा हवेच्या पाइपात शिरत होता. चालत्या इंजिनाला त्याचं काही नाही. पण कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर थोडं तेलही येतं आणि ते पाइपाच्या आतून पातळ थरासारखं बसलेलं असतं. बंदराशी पोहोचल्यावर ३० बारची ताजी हवा त्या तापलेल्या, तेलकट पाइपात सोडली की स्फोट. असे स्फोट जगभर झालेत आणि माणसं गेलीत. चार नंबरचं तेल बंद केलं, सेकंड साबना उठवलं, ब्रिजकडून थांबायची परवानगी घेतली. समुद्र शांत होता. हवेची मुख्य झडप बंद करून पाइपातला दाब काढला, टर्निंग गिअर लावला, जुनी झडप चेनब्लॉकला लटकवून बाहेर काढली, नवं तांब्याचं वायसर टाकून तयार असलेली दुसरी बसवली. तासाभरात जहाज पुन्हा चालू लागलं. चाचांनी चहा केला. लॉगबुकात एक ओळ गेली आणि त्या ओळीत चाचांचं नाव नव्हतं, कारण लॉगबुकात तेलवाल्याचं नाव लिहायची पद्धत नाही. मला ती पद्धत तेव्हाही पटली नव्हती.

या इंजिनांची देखभाल म्हणजे काय, असं विचाराल तर बहुतांशी हेच: हात, कान, नाक, आणि मग मोजमाप. थांबल्यावर क्रँककेसची, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या बंद पेटीची, दारं उघडून आत शिरायचं आणि बेअरिंगांना हात लावत जायचं. सगळी सारखीच गरम हवीत, एखादंच जास्त गरम असेल तर ते बोलतंय. खाली तेलात व्हाइट मेटलच्या, म्हणजे बेअरिंगांच्या अस्तराच्या मऊ धातूच्या, चकचकीत कपच्या दिसतात का बघायचं. स्कॅव्हेंज ट्रंकमध्ये, म्हणजे ताज्या हवेच्या बोगद्यात, सरपटत शिरून काजळी-तेलाचा चिखल खरवडायचा. हे कामांतलं सगळ्यात घाण काम, पण टाळलं तर तोच चिखल पेट घेतो. तिथूनच लायनरच्या भोकांतून पिस्टनच्या रिंगा काठीनं ढोसून बघायच्या. रिंग स्प्रिंगसारखी परत आली तर जिवंत, रुतून बसली असेल तर त्या सिलिंडरचा नंबर पुढच्या बंदरात. मग सिलिंडरचं डोकं, म्हणजे हेड, उचलायचं, पिस्टन क्रेननं वर काढायचा, लायनर आतून मायक्रोमीटरनं ठरलेल्या जागी मोजायचा. चांगल्या चाललेल्या लायनरची झीज हजार तासांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहते. तीन मजली यंत्राचं आयुष्य अशा केसभर आकड्यांवर ठरतं. क्रँकशाफ्टच्या दोन बाजूंमध्ये डायल गेज लावून तो किती उमलतो-मिटतो हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बघतात, आणि जहाज भरलेलं आहे की रिकामं हेही शेजारी लिहितात, कारण माल चढला की जहाजाचा तळच वाकतो.

क्रँककेसचं दार मात्र घाईनं उघडायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आत एखादं बेअरिंग जळत असेल तर तेलाची वाफ होऊन दाट धुकं साठतं. अशा वेळी इंजिन थांबवून निदान अर्धा तास लांब राहायचं. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि धुकं पेटतं. ११ सप्टेंबर १९४७ रोजी बेलफास्टजवळ 'रेना देल पॅसिफिको' या प्रवासी जहाजाच्या समुद्रचाचणीत चारही इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट झाले आणि २८ माणसं मेली. त्यानंतर झालेल्या अभ्यासातूनच क्रँककेसच्या दारांवरच्या दाब सोडणाऱ्या झडपांचं महत्त्व पक्कं झालं, आणि पुढे तेलाच्या धुक्यावर पाळत ठेवणारी यंत्रंही आली. आजही इंजिनाशेजारून जाताना मी त्या झडपांच्या समोर उभा राहत नाही.

पुष्कळ जण पुढे विचारतात, आताची इंजिनं बरी का? इंधन कमी खातात, धूर कमी, माणसं कमी लागतात. बरीच म्हणायची. गंमत अशी की त्यांतलं मोठं नवल म्हणून सांगतात ते कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीत दाबाखाली तेल साठवून हवं तेव्हा सिलिंडरमध्ये सोडणं, हे सुंदरलँडच्या डॉक्सफर्डनं फार आधी केलं होतं, कॉम्प्युटरशिवाय. डॉक्सफर्डला सिलिंडर हेडच नसे. एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, मध्ये जाळ. वरच्या पिस्टनचे दांडे बाहेरून वर-खाली होताना दिसायचे. बघायला सुरेख, सांभाळायला वेळखाऊ. १९८० साली तिथला कारखाना बंद झाला.

यांतली बहुतेक इंजिनं जहाजाबरोबर गुजरातेत जहाजं मोडतात त्या अलंगच्या किनाऱ्यावर गॅसकटरखाली गेली. चालतं इंजिन बघायचं असेल तर कोपनहेगनला डिझेलहाउस नावाचं संग्रहालय आहे. तिथं बी अँड डब्ल्यूचं १९३२ सालचं आठ सिलिंडरचं, २२,५०० अश्वशक्तीचं इंजिन उभं आहे. जहाजातलं नव्हे, वीजकेंद्रातलं, पण घडण जहाजी घराण्याचीच. साधारण तीस वर्षं ते जगातलं सर्वांत मोठं डिझेल इंजिन होतं, आणि ठरावीक रविवारी सुरू करून दाखवतात. मी गेलो तेव्हा सगळे फोन वर धरून धडधडीची वाट बघत होते. मी मात्र पिस्टनच्या खालच्या बाजूकडे बघत राहिलो. ते इंजिन डबल-ॲक्टिंग आहे: पिस्टनच्या वरही जाळ आणि खालीही. म्हणजे दांडा जाळातूनच बाहेर काढायचा आणि तिथं पॅकिंग लावून गॅस अडवायचा. ते पॅकिंग कोण बदलत असेल, कितीदा बदलत असेल, आणि बदलताना काय काय बोलत असेल, याच विचारात मी होतो. आमचं सुल्झर परवडलं.