उशीपाशी ६०, खोलीच्या मध्ये ४५

पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार होती: रात्री बेडरूममध्ये काहीतरी घुमतं, झोप लागत नाही. त्यांनी खिडकीला दुहेरी काच बसवून घेतली होती, भिंतीला स्पंजही चिकटवला होता. फरक शून्य. शेजारी म्हणत, "आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही."

रात्री दीडला मी उशीपाशी आवाज मोजायचा मीटर लावला. 'ए' मोजणीवर ३३ डेसिबल. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५, म्हणजे कागदोपत्री तक्रार तिथेच निकालात. मीटर 'सी'वर, म्हणजे खर्ज जवळपास न कापणाऱ्या मोजणीवर, टाकला तर ५९! 'ए' मोजणी खर्जातले आवाज कापते, ५० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ५० कंपनं) तब्बल ३० डेसिबल. या दोन आकड्यांत एवढी तफावत दिसली की दोष खर्जात शोधायचा. वारंवारतेचे पट्टे वेगळे करून पाहिले, तर ४८ हर्ट्झला एकच सुळका, ६० डेसिबलचा.

तळमजल्यावरच्या पंपाच्या मोटरवर पाटी होती: मिनिटाला २८७० फेरे. भागिले ६०, म्हणजे सेकंदाला जवळपास ४८. वॉचमनला पंप बंद करायला सांगितला, सुळका गेला. चालू केला, परत आला. पालिकेचं पाणी रात्री येतं, म्हणून पंपही रात्रीच चालायचा. आणि रस्ता शांत असल्याने त्याला झाकणारं दुसरं काही नसायचं.

पण मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो तर सुळका ४५ वर आला. त्या वारंवारतेला ऐकू येण्याची सीमाच जवळपास ४४ आहे, म्हणजे आवाज नसल्यातच जमा. हिशेब सोपा आहे. ४८ हर्ट्झची लहर हवेत सुमारे ७.२ मीटर लांब, अर्धी ३.६. खोली १२ फूट, म्हणजे तितकीच. अशा खोलीत दोन्ही भिंतींपाशी दाब सर्वाधिक, मध्ये सर्वांत कमी. काकूंची उशी भिंतीला टेकलेली. तक्रार तपासायला येणारे सगळे मध्ये उभे राहून ऐकत! पाऊण इंची स्पंज एवढ्या लांब लहरीला काय अडवणार? आणि काचेचा तर संबंधच नव्हता, आवाज खिडकीतून येत नव्हता.

तो येत होता पंपाच्या लोखंडी पाइपातून. गळती दुरुस्त करताना प्लंबरने तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबमधलं पाइपाभोवतीचं भोक सिमेंटने गच्च भरलं होतं, पाइप धरणारी पट्टीही थेट बेडरूमच्या भिंतीत ठोकलेली. पाइप हलला की भिंत हलायची, आणि भिंत म्हणजे स्पीकरचा मोठा पडदाच. सिमेंट फोडून पाइपाभोवती बोटभर फट ठेवली, ती मऊ भरणाने बुजवली, पट्टीखाली रबर घातलं, पंपाच्या तोंडाशी लवचीक रबरी जोड दिला.

पंपाखाली टायरचे तुकडे आधीपासून होते, पण दगडासारखे टणक. रबर पंपाच्या वजनाने निदान अडीच मिलिमीटर दबायला हवं, तरच ते ४८ हर्ट्झ थोपवतं. नवं रबर टाकलं, तरी सुळका फक्त ३ डेसिबलने उतरला. कारण फिटरने पायाचे बोल्ट कचकचून आवळले होते: रबर बाजूला राहिलं, कंप बोल्टातून खाली. बोल्टांना रबरी बुश आणि वॉशर घातले, तेव्हा उशीपाशी ४६ आले. तेल सांडलं की हे रबर फुगून खराब होतं, म्हणून दर पावसाळ्याआधी नखाने दाबून पाहायला वॉचमनला दाखवून ठेवलं.