तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटचं ऐकता की नातेवाइकांचं?

लग्नात, भिशीत, रिक्षात, मी आयसीयूत सिस्टर आहे कळलं की हे विचारतातच. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं: बिलासाठी नळ्या घालतात. बिलाचा आणि माझ्या पगाराचा काही संबंध नाही, एवढंच सांगते.

ऐकते कुणाचं? सही करणाऱ्याचं. घ्या.

सोलापुरातल्या साखर पेठेतले एक मामा होते. जन्म यंत्रमागावर गेलेला, छातीचं खोकं झालेलं. तिसऱ्यांदा ॲडमिट. दुपारी मास्क बाजूला करून म्हणाले, "सिस्टर, आता ती नळी नको. मागच्या टायमाला लई हाल झाले. घरी सोडा." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

रात्री दोनला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ७० टक्के. धाकटा मुलगा दारात उभा. "अण्णा भिवंडीहून निघालाय. तो येईपर्यंत कसंबी टिकवा, नाहीतर जन्मभर मलाच बोलंल." डॉक्टरांनी त्याला विचारलं, त्यानं सही केली. मामा शुद्धीवर होते, त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. मराठी सुटली होती त्यांची, नुसतं "वद्दु, वद्दु" चाललेलं. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात वाढलेय मी. वद्दु म्हणजे नको, हे मला कुणी सांगायला नको.

व्हेंटिलेटरची नळी घशात गेली. गुंगी उतरली की हात नळीकडे जायचा. मग मी दोन्ही मनगटं कॉटच्या कठड्याला बांधली. खाली कापूस, वर गॉज, गाठीत दोन बोटं जातील एवढी ढील. गाठ मारताना त्यांनी माझा अंगठा धरला. मी तो सोडवून घेतला.

नोट्समध्ये लिहिलं: 'पेशंट अस्वस्थ, हात बांधले.' दुपारचं त्यांचं वाक्य लिहिलं नाही.

तेव्हाची मी अजून भांडते: एका ओळीनं काय होणार होतं? अण्णानं काचा फोडल्या असत्या, नोकरी तुझी गेली असती. खरंय तिचं. पण लिहायला कुणी अडवलं होतं, हे ती सांगत नाही.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं, शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मामांना तेही लागत नव्हतं. शुद्धीवरच्या माणसानं नको म्हटलं की नको. कायद्यात. वॉर्डात त्या रात्री नव्हतं.

आता मी पेशंटचं वाक्य जसंच्या तसं लिहिते, वेळ टाकून, आणि डॉक्टरांना दाखवते. एका मुलीनं ते वाचलं आणि वडिलांना घरी नेलं. दुसऱ्या घरचे अंगावर आले: तुम्हीच शिकवलं त्यांना. मी शिकवलं नव्हतं. पण विचारलं होतं, हेही खरं.

अण्णा सकाळी पोचला. आधी बांधलेले हात बघितले, मग मला विचारलं, "काही बोलले का?"

"नळी असली की बोलता येत नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते.