टाकी फुल्ल, व्हॉल्व्ह उघडा

जानेवारीत घाणा जोरात असतो, मळी भरपूर असते, त्यामुळे डिस्टिलरीही पूर्ण क्षमतेने चालते. आणि नेमकं त्याच थंडीत कोल्ड्रिंकला गिऱ्हाईक नसतं, म्हणजे त्यात भरायला आम्ही विकतो तो कार्बन डायऑक्साइडही उठत नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात हे दरवर्षीचंच. त्या दिवशी मात्र ते पाहुण्यांसमोर घडलं.

पाहुणे मुंबईचे, कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेत जाणारा कार्बन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या पावत्यांचा सल्ला देणारे. सोबत एमडी साहेब, दोन संचालक आणि जुने सभासद अण्णा. सकाळी हॉलमध्ये स्लाइड दाखवून झाल्या होत्या. ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतो, मळी आंबवताना त्यातला काही बाहेर पडतो आणि तो आम्ही पकडतो. म्हणजे उत्सर्जन शून्याच्याही खाली! कागदावर झकास.

तेवढ्यात गॅस उचलणाऱ्या पार्टीचा फोन आला, परवापर्यंत टँकर नाही, माल उठत नाही. आमच्या टाक्या काठोकाठ. आत द्रव कार्बन डायऑक्साइड, उणे वीसच्या आसपास, चौरस सेंटिमीटरला वीसेक किलो दाबाखाली. दाब चढायला लागला तसा मी कॉम्प्रेसर बंद करायला लावला आणि फर्मेंटरचा, म्हणजे मळी आंबवायच्या टाकीचा वायू सरळ वर हवेत सोडला. दुसरं करणार काय? यीस्टला थांब म्हणता येत नाही.

मंडळी प्लॅटफॉर्मवर आली. वायू धुऊन घ्यायच्या परमँगनेटच्या स्क्रबरच्या काचेतलं जांभळं पाणी स्तब्ध होतं, एरवी ते उसळत असतं. फर्मेंटरच्या मॅनहोलजवळ मी कुणाला वाकू देत नाही. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, दिसत नाही, फक्त नाकात झिणझिण्या येतात, आणि तेवढ्यावर माणूस सावध होईलच असं नाही.

‘‘आज मशीन बंद हाय व्हय?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘टाकी भरली, अण्णा.’’

‘‘मग ग्यास?’’

मी वरच्या पाइपाकडे बोट केलं. एमडी साहेब खाकरले.

‘‘आन् भरल्याला कुठं जातो?’’

‘‘सोड्याच्या कंपन्यांना. थोडा सुक्या बर्फाला.’’

‘‘म्हंजे बाटली उघडली की फुस्स. मग पुरलाय कुठं त्यो?’’

सल्लागार मॅडमनी हसू दाबलं आणि माझ्या केबिनमध्ये येऊन वही उघडली. रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढलं तर साधारण ४५ टन वायू निघतो. तो जवळजवळ शुद्ध असतो, म्हणून पकडायला स्वस्त. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या बॉयलरच्या चिमणीतून त्याच्या कित्येक पट जातो, पण त्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२-१४ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन आणि वाफ. तो वेगळा काढायचा तर आणखी वाफ खर्ची घाला. त्या वाटेला आम्ही गेलेलोच नाही.

हा वायू जमिनीत पुरणारे आहेत. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डेकेटरला मक्याच्या इथेनॉलचा असाच वायू २०११ ते २०१४ दरम्यान सुमारे दोन किलोमीटर खाली वालुकाश्मात सोडला, जवळपास १० लाख टन. आइसलँडला तो पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडतात, तिथे बहुतेक वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला.

बेसॉल्ट म्हणताच एक संचालक सरसावले. ‘‘आपल्याखाली काळा पाषाणच आहे की! मारा बोअर.’’

आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूला वीस-पंचवीस टन पाणी लागतं, असं मी सांगितलं. दुष्काळी जतकडचे दुसरे संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. शिवाय खडकात तेवढी पोकळी हवी, वर टोपीसारखा घट्ट थर हवा, वर्षानुवर्षं नजर ठेवायला हवी. पाण्याची बोअर मारण्याइतकं ते सोपं नाही.

मॅडमनी तक्त्यात दोन रकाने केले: ‘पकडला’ आणि ‘साठवला’. दुसऱ्यात शून्य. एमडी साहेबांनी शब्द जरा सौम्य करता येईल का म्हणून विचारून बघितलं. ‘‘शून्याला सौम्य काय करणार, सर?’’ मॅडम म्हणाल्या. व्हेंटच्या, म्हणजे हवेत सोडलेल्या वायूच्या नोंदीही त्यांनी मागून घेतल्या.

जिना उतरताना अण्णांनी मला गाठलं. ‘‘ते पुरायचं ठरलं, तर पैसं कोण देणार? का तेबी उसाच्या बिलातनंच?’’

मी त्यांना एमडी साहेबांकडे पाठवलं.