घारापुरीचा शनिवार

नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन दोन दिवस निवांत भटकायचे, असे मी आणि माझी मैत्रीण दिवाळीपासून ठरवत होतो. मुहूर्त लागला तो जानेवारीतल्या एका शनिवारी. १८८८ मध्ये पूर्ण झालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आपण एरवी लोकलच्या घाईत बघतो, म्हणजे खरे तर बघतच नाही. मैत्रिणीने मला हाताला धरून थांबवले, तेव्हा फाटकाच्या खांबांवरचा एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ मला पहिल्यांदाच नीट दिसला.

गेटवेहून लाँचने घारापुरीला पोहोचायला तासभर लागला. पायऱ्या चढताना एका माकडाने मैत्रिणीच्या हातातले भाजलेले कणीस इतक्या सफाईने पळवले, की तिला रागावायलाही सवड मिळाली नाही. मुख्य लेण्यात उन्हातून आत शिरल्यावर प्रथम काळोखच दिसतो आणि मग डोळे सरावू लागले, की सुमारे वीस फूट उंचीचा सदाशिव हळूहळू समोर येतो. आपल्या डावीकडचा चेहरा उग्र, मिशा असलेला, हातात नाग. उजवीकडचा कोमल, हातात कमळ. आणि मधला डोळे मिटून स्वतःतच मग्न. एरवी अखंड बोलणारी माझी मैत्रीण तिथे बराच वेळ गप्प उभी होती.

रविवार खरेदीत गेला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. परतीच्या गाडीत कसारा घाट आला, तेव्हा तिने विचारले, "त्या मधल्या चेहऱ्यासमोर पुन्हा कधी जायचे?"