खाल्लं एकदाचं!

आमच्या बॉल पायथननं (आफ्रिकेतला एक अजगर) आज उंदीर घेतला! मोठा साप नव्या घरात आला की कधीकधी महिनोन्‌महिने तोंड लावत नाही. वजन टिकून असलं तर घाबरायचं नसतं, हे माहीत असूनही जीव टांगणीला लागलेला. टँक कापडानं झाकला, अंग घासेल इतकी अरुंद पेटी लपायला दिली, हाताळणं पूर्ण बंद. रात्री गोठवलेला उंदीर वितळवून, डोकं गरम करून चिमट्यानं पुढं धरला. ओठांवरच्या खाचांना ती ऊब कळते. जीभ लवलवली, मान आखडली आणि झडप! आई दारातनंच बघत होती. आता दोन दिवस कुणी हात लावायचा नाही.

(कोल्हापूरच्या पोरांनो, देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हा परदेशी, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवलेला.)