स्टुटगार्टमध्ये पेपाल कधी, बँक कधी: माझा अनुभव

यूपीआयची सवय घेऊन मी जर्मनीत आलो तेव्हा वाटलं होतं, इथे पैसे पाठवायला खर्च येणार. झालं उलटंच. घरमालकीणबाईंनी आयबान, म्हणजे बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर दिला, ‘डीई’पासून सुरू होणारा, २२ अक्षरं-आकड्यांचा. चार-चारचे गट पाडत तो बँकेच्या अ‍ॅपमध्ये भरला, मोबाइलवर मंजुरी दिली आणि भाडं गेलं. शुल्क शून्य. २००८ साली सुरू झालेल्या ‘सेपा’ या युरोपभरच्या युरो-व्यवहारांच्या व्यवस्थेमुळे माद्रिदला युरो पाठवा नाहीतर शेजारच्या गल्लीत, बँकेला जास्त पैसे लावता येत नाहीत.

मग जर्मन लोक जिथे तिथे पेपाल ही ऑनलाइन पैसे देण्याची सेवा का वापरतात, हे मला कळेना.

कळलं ते बूट मागवले तेव्हा. ऑनलाइन दुकान अनोळखी होतं. आगाऊ बँक ट्रान्सफर केला तर दोन टक्के सूट, नाहीतर पेपाल. सूट सोडली, आणि बरं झालं. बूट आले नाहीत, मेलला उत्तर नाही. पेपालवर १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. ऑर्डर नंबर आणि मेलचे स्क्रीनशॉट जोडले, काही दिवसांनी पैसे परत आले. बँकेतून एकदा गेलेला ट्रान्सफर असा मागे फिरत नाही. ज्याच्याकडे गेला तो ‘देतो’ म्हणाला तर ठीक, नाहीतर बसा बोंबलत.

पण गंमत बघा. बँकेचं स्टेटमेंट उघडलं तर बुटांचे पैसे पेपालने माझ्या खात्यातून ‘लास्टश्रिफ्ट’ने, म्हणजे साध्या डायरेक्ट डेबिटनेच ओढलेले. खालून रस्ता बँकेचाच. वर भरवशाचा टोलनाका, आणि टोल भरतो दुकानदार. वीजबिल किंवा जिमसाठी मात्र थेट लास्टश्रिफ्टच बरं, पेपालचं कामच नाही. लास्टश्रिफ्टने गेलेले पैसे आठ आठवड्यांपर्यंत कारण न सांगता परत मागवता येतात.

आता नवीन काय, तर ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना दहा सेकंदांत पोचणारा ट्रान्सफर द्यावाच लागतो, तोही नेहमीच्याच दरात. शिवाय पाठवण्याआधी नाव आणि आयबान जुळतात का, हे बँक तपासून सांगते.

गेल्या महिन्यात जुनी सायकल घ्यायला एका आजोबांकडे गेलो. त्यांना पेपाल हवं होतं, तेही ‘मित्रांना पाठवा’ या पर्यायातून. त्यात शुल्क नाही, पण खरेदीचं संरक्षणही नाही. मी म्हटलं, सायकल समोर आहे, मी चालवून बघितली, बँकेतूनच घ्या की. आयबान टाकला, नाव जुळलं, पाठवले. आजोबांनी चष्मा वर करून फोन बघितला, पैसे आलेले. खूश होऊन हवा भरायचा पंपही देऊन टाकला.